बदलांची वंशावळ दाखवणारी खिडकी

घरच्या किंवा शाळेच्या संगणकावर तुम्ही एखादा मोठा प्रकल्प लिहिला असेल, तर त्याच्या फायलींची नावं जरा आठवा बरं! पहिली फाइल 'प्रकल्प'. मग 'प्रकल्प नवा'. बाईंनी सुचवलेल्या दुरुस्त्या केल्यावर 'प्रकल्प शेवटचा'. ताईनं हात फिरवला म्हणून 'प्रकल्प शेवटचा ताई'. आणि सादर करण्याच्या आदल्या रात्री 'प्रकल्प खरंच शेवटचा'! आठ दिवसांनी पाहिलं, की या पाचांतली खरी कोणती हे तुम्हांलाही सांगता येत नाही. 'नवा'मध्ये एक झकास परिच्छेद होता, तो 'शेवटचा'मध्ये का नाही? कुणी काढला? चुकून की मुद्दाम? उत्तर कुणाकडेच नसतं.

हा झाला पाच फायलींचा गोंधळ. आता कल्पना करा, एकाच कामात हजारो माणसं गुंतली आहेत. ती वेगवेगळ्या देशांत राहतात. बहुतेकांनी एकमेकांना कधी पाहिलेलंही नाही. आणि सगळी मिळून हजारो फायलींमध्ये रोज काही ना काही बदल करत आहेत! असं काम खरोखरच चालतं. 'लिनक्स' ही संगणक चालवणारी प्रणाली अशीच तयार होते. १९९१ साली फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानं ती लिहायला घेतली. आज अँड्रॉइड फोनच्या पोटातही लिनक्सचाच गाभा असतो.

मग या मंडळींचा गोंधळ का होत नाही? कारण ती प्रत्येक बदलाची नोंद ठेवतात. नुसती नोंद ठेवून भागत नाही, ती पाहताही यावी लागते. म्हणून त्यांच्याकडे एक खिडकी आहे. तिचं नाव 'गिटके'. ती उघडली, की कामाचा सगळा इतिहास ठिपके आणि रेघांच्या चित्रात समोर दिसतो, अगदी घराण्याच्या वंशावळीसारखा. आज या खिडकीत डोकावून पाहू या.

पुसलं तरी राहतं!

वहीत चूक झाली, की आपण खोडरबर घेतो. चूक जाते, पण तिच्याबरोबर ती का झाली होती हेही जातं. संगणकावर तर पुसल्याची खूणसुद्धा उरत नाही. यावर १९७२ साली अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी उपाय काढला. कार्यक्रमाच्या (म्हणजे संगणकासाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमच्या) प्रत्येक आवृत्तीचा हिशेब ठेवणारी 'एससीसीएस' ही पद्धत त्यांनी तयार केली. अशा पद्धतींना पुढे 'व्हर्जन कंट्रोल' हे नाव पडलं. आपण तिला 'आवृत्त्यांची नोंदवही' म्हणू या.

१९८२ मध्ये वॉल्टर टिची यांनी अमेरिकेतल्याच पर्ड्यू विद्यापीठात 'आरसीएस' तयार केली. तिची युक्ती मोठी मजेदार होती. आजची आवृत्ती पूर्ण ठेवायची, आणि जुन्या आवृत्त्यांसाठी फक्त फरक लिहून ठेवायचा. म्हणजे आजचा निबंध सगळाच्या सगळा, आणि सोबत एक चिठ्ठी : 'कालचा निबंध हवा असेल, तर तिसरी ओळ काढा आणि पाचवीत हे दोन शब्द घाला.' जागा किती वाचली पाहा! पण तिच्यात एक अडचण होती. एकजण फाइल दुरुस्त करत असला, की ती इतरांसाठी कुलूपबंद व्हायची.

नेदरलँड्समधल्या अॅम्स्टरडॅमचे प्राध्यापक डिक ग्रून यांना ही अडचण भोवली. ते आपल्या दोन विद्यार्थ्यांबरोबर एक कार्यक्रम लिहीत होते. एक विद्यार्थी नऊ ते पाच इमानेइतबारे काम करणारा, दुसऱ्याच्या वेळेचा काही नेम नाही, आणि खुद्द सरांना वेळ मिळायचा तो संध्याकाळी. एकमेकांसाठी थांबायचं ठरवलं असतं, तर काम पुढे सरकलंच नसतं. म्हणून त्यांनी कुलूप काढून टाकणारी 'सीव्हीएस' ही पद्धत बनवली आणि १९८६ साली सर्वांसाठी खुली केली. आता सगळ्यांनी आपापल्या प्रतीवर काम करायचं, आणि नंतर बदल एकत्र जुळवायचे.

एका '=' चिन्हाची गोष्ट

'एवढ्या नोंदी ठेवायच्या कशाला? काम झालं म्हणजे झालं!' असं तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल. त्यांच्यासाठी ही २००३ सालची खरी गोष्ट.

तेव्हा लिनक्सची मुख्य नोंदवही 'बिटकीपर' या पद्धतीत होती. ज्यांना ती वापरायची नव्हती त्यांच्या सोयीसाठी तीच नोंदवही उतरवून 'सीव्हीएस'मध्येही ठेवलेली असे. मुख्य वहीत नोंद झाली, की उतरवलेल्या वहीत ती आपोआप यायची.

नोव्हेंबर २००३ मध्ये उतरवलेल्या वहीत दोन ओळी जास्त दिसल्या. मुख्य वहीत त्यांचा पत्ताच नव्हता! बिटकीपर बनवणारे लॅरी मॅक्वॉय यांनी ही विसंगती सर्वांच्या कानांवर घातली. लिनक्सच्या जाणकारांनी त्या ओळी निरखून पाहिल्या, आणि त्यांच्या अंगावर काटा आला.

त्याचं कारण असं. लिनक्स ज्या 'सी' भाषेत लिहिलं जातं, तिच्यात दोन '=' चिन्हं एकापुढे एक लिहिली, तर अर्थ होतो 'हे दोन्ही सारखे आहेत का?' एकच '=' लिहिलं, तर अर्थ होतो 'याला ही किंमत देऊन टाक'. पहिला प्रश्न आहे, दुसरी आज्ञा. त्या ओळींमध्ये वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य आहे का, असं विचारल्यासारखं वाटत होतं. पण चिन्ह होतं एकच. म्हणजे 'वापरणाऱ्याचा क्रमांक शून्य करून टाक' अशी आज्ञा! लिनक्समध्ये शून्य क्रमांक असतो सर्वाधिकारी मालकाचा. ज्याला ही खुबी ठाऊक असेल, तो आपण वापरत असलेल्या लिनक्स संगणकाचा मालक बनू शकला असता.

घाईत वाचणाऱ्याला ती साधी लिहिण्यातली चूक वाटली असती. पण चूक प्रामाणिक असती, तर तिच्यामागे नोंद असती : कुणी पाठवली, कुणी तपासली, मुख्य वहीत कधी आली. इथं यातलं काहीच नव्हतं. त्या ओळी मुख्य लिनक्समध्ये कधीच शिरल्या नाहीत. त्या कुणी घुसवल्या हे आजवर उघड झालेलं नाही, पण डाव मात्र फसला. तो पकडणारं पहिलं साधन होतं जुळत नसलेली नोंद!

तेरा दिवसांची धावपळ

बिटकीपर ही एका कंपनीच्या मालकीची वस्तू. २००२ पासून लिनक्सची मंडळी ती फुकट वापरत होती. पण वाद झाला, आणि एप्रिल २००५ मध्ये कंपनीनं फुकट वापराची सवलत काढून घेतली. एवढं प्रचंड काम, आणि नोंदवहीच हातातून गेली!

लिनस यांनी दुसऱ्या पद्धती पाहिल्या, पण एकही पसंत पडली नाही. मग त्यांनी स्वतःच नवी लिहायला घेतली. ३ एप्रिल २००५ ला सुरुवात केली आणि ७ एप्रिलला ही नवी पद्धत स्वतःच्याच नोंदी स्वतःमध्ये ठेवू लागली. १६ एप्रिलला तिच्यात लिनक्सची पहिली नोंद झाली. मोजा पाहू, किती दिवस झाले? तेरा!

नाव ठेवलं 'गिट'. इंग्लंडकडच्या बोलीत 'गिट' म्हणजे खवट, वैताग आणणारा माणूस. 'मी माझ्या सगळ्या वस्तूंना माझंच नाव देतो,' अशा अर्थाची थट्टा लिनस यांनी तेव्हा केली होती! त्याच वर्षी जुलैमध्ये त्यांनी गिटची जबाबदारी ज्युनिओ हमानो यांच्याकडे सोपवली.

गिटमध्ये प्रत्येक नोंदीला 'कमिट' म्हणतात. तिच्यात बदल काय झाला, कुणी केला, कधी केला, का केला, आणि तिच्या आधीची नोंद कोणती, या पाच गोष्टी असतात. शेवटची गोष्ट फार महत्त्वाची. प्रत्येक नोंद आपल्या 'आई'चं नाव सांगते. आईची आई, तिची आई, असं करत थेट पहिल्या नोंदीपर्यंत पोचता येतं.

ही नावं म्हणजे चाळीस अक्षर-अंकांची लांबलचक मालिका असते. जणू त्या नोंदीच्या अंगठ्याचा ठसाच. नोंदीतला एक स्वल्पविराम बदलला तरी ठसा बदलतो. आणि मुलीच्या नोंदीत आईचा ठसा लिहिलेला असल्यामुळे आईला धक्का लागला, की पुढच्या सगळ्या पिढ्यांचे ठसे बदलतात. त्यामुळे जुन्या पानावर गुपचूप खाडाखोड करून नामानिराळं राहणं महाकठीण!

खिडकी उघडली…

पण सुरुवातीच्या गिटमध्ये या नोंदी दिसायच्या कशा? नुसत्या अक्षरांच्या ओळी. चाळीस अक्षरांची नावं वाचून कोण कुणाची आई हे डोक्यात ठेवायचं! दहा नोंदींपर्यंत ठीक, हजार नोंदी झाल्यावर?

ऑस्ट्रेलियाचे पॉल मॅकेरास हेही लिनक्सवर काम करणारे. त्यांनी मे २००५ मध्ये, गिट जेमतेम महिन्याचं असताना, 'गिटके' तयार केलं. 'टीसीएल' या भाषेत ते लिहिलं. या भाषेबरोबर खिडक्या आणि बटणं काढून देणारी 'टीके' नावाची हत्यारपेटी येते. गिटकेमधला 'के' तिचीच आठवण करून देतो.

चला, उघडू या खिडकी. तिचे वर आणि खाली असे दोन भाग दिसतात.

वरच्या भागात डावीकडे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रंगीत रेघा असतात. एक ठिपका म्हणजे एक नोंद. रेघ म्हणजे आई-मुलीचं नातं. ठिपक्याशेजारी नोंदीचा मथळा, मधल्या रकान्यात करणाऱ्याचं नाव, उजवीकडे तारीख आणि वेळ. सगळ्यांत नवी नोंद सगळ्यांत वर असते, आणि जसजसे खाली जाल तसतसे तुम्ही भूतकाळात जाता. म्हणून हे चित्र झाडासारखं खालून वर वाचायचं.

बहुतेक ठिपके निळे असतात. त्यांतला पिवळा ठिपका सांगतो, 'तुम्ही आत्ता इथं आहात.' बसस्थानकावरच्या नकाशात असते ना खूण, तशीच! कधी कधी सर्वांत वर एक लाल ठिपका दिसतो. त्याचा अर्थ, 'तुम्ही काहीतरी बदललं आहे, पण त्याची अजून नोंद केलेली नाही.'

आता एखाद्या ठिपक्यावर माउसनं टिचकी मारा. खालच्या भागात त्या नोंदीचं पोट उघडतं. कुणी, कधी, का हे तर दिसतंच. त्याखाली नेमका बदल दिसतो : काढून टाकलेल्या ओळी लाल रंगात आणि नव्यानं घातलेल्या हिरव्या रंगात. बाईंनी तपासलेली वहीच जणू! फक्त इथं लाल म्हणजे चूक नव्हे, लाल म्हणजे 'हे आधी होतं'. उजव्या बाजूला त्या नोंदीत कोणकोणत्या फायलींना हात लागला त्यांची यादी असते. तिथंच दुसरा पर्याय निवडला, तर त्या दिवशी सगळं काम जसं होतं तसं पाहता येतं. एखादी फाइल नंतर पुसून टाकलेली असली, तरी इथं ती जिवंत!

शोधायचीही सोय आहे. एखादा शब्द नोंदीच्या मथळ्यात कुठं आला, एखाद्या फाइलला कुठल्या नोंदींनी हात लावला, किंवा एखादं वाक्य नेमकं कुठल्या नोंदीत आलं आणि कुठल्या नोंदीत गेलं, हे विचारता येतं. तुमच्या प्रकल्पातला तो हरवलेला झकास परिच्छेद आठवतो ना? त्यातले दोन-तीन शब्द इथं लिहिले, की तो ज्या दिवशी आला आणि ज्या दिवशी गेला, ते दोन्ही ठिपके सापडतात.

कल्याणचा फाटा, कराडचा संगम

हे चित्र नेहमी सरळ एका रेघेत नसतं. कल्याण स्टेशनला रुळ फुटतात, एक मार्ग कसाऱ्याकडे जातो आणि दुसरा कर्जतकडे. तशाच कामालाही शाखा फुटतात. समजा, तुमचा वर्ग हस्तलिखित काढतो आहे. मुखपृष्ठाचे मजकूर एक गट लिहितो, कवितांचं पान दुसरा गट. दोघांनी एकमेकांसाठी अडून बसायचं नाही. सोमवारच्या नोंदीपासून दोन रेघा निघतात आणि शेजारी शेजारी वर चढतात.

दोन्ही कामं झाली, की ती एकत्र आणायची. कराडला कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन मिळतात, तशा इथं दोन रेघा एका ठिपक्यात मिळतात. गिटच्या भाषेत हा 'मर्ज', आपण त्याला संगम म्हणू. संगमाच्या नोंदीला दोन आया असतात! दोन्ही गटांनी एकच ओळ वेगवेगळ्या प्रकारे बदलली असेल, तर गिट स्वतःच्या मनानं निवड करत नाही. ते थांबतं आणि विचारतं, 'यातली कोणती ठेवू?' तो निर्णय माणसांनी बोलूनच घ्यायचा असतो.

खुद्द गिटकेच्या नशिबीही एक संगम होता. गिट आणि गिटके ही दोन वेगळी कामं, दोघांची पहिली नोंदही वेगवेगळी. २२ जून २००५ ला लिनस यांनी गिटकेचा सगळा इतिहास जसाच्या तसा गिटच्या इतिहासात मिळवला. त्यावर ते इतके खूश झाले, की हा आजवरचा सगळ्यांत झकास संगम आहे, असं त्यांनी सगळ्यांना कळवलं! म्हणूनच आज गिटकेमध्ये गिटचाच इतिहास उघडून खाली खाली गेलात, तर चित्राचं मूळ एकाच ठिपक्यात संपत नाही. या झाडाला एकाहून जास्त मुळं आहेत.

वीस प्रश्नांत दहा लाख!

आता जरा डोकं चालवा. काल नीट चालणारा कार्यक्रम आज बिघडला. मधल्या काळात हजार नोंदी झाल्या. बिघाड नेमका कुठल्या नोंदीनं आला? एकेक तपासत बसलात, तर सुटी संपेल!

'मी एक ते हजारमधली संख्या मनात धरली आहे, ओळखा' हा खेळ तुम्ही खेळला असाल. हुशार मुलगी आधी 'पाचशेपेक्षा जास्त का?' असं विचारते. उत्तर काहीही येवो, निम्म्या संख्या बाद! मग उरलेल्यांच्या निम्म्या. हजारचे पाचशे, अडीचशे, सव्वाशे… दहा प्रश्नांत संख्या सापडते.

गिट हेच करतं. या युक्तीला 'बायसेक्ट' म्हणतात, म्हणजे दुभागणं. तुम्ही त्याला एक चांगली जुनी नोंद आणि एक बिघडलेली नवी नोंद सांगायची. ते मधली नोंद काढून समोर ठेवतं. तुम्ही तपासून 'चांगली' किंवा 'बिघडलेली' एवढंच सांगायचं. या तपासादरम्यान 'उरलेले संशयित दाखव' असं म्हटलं, तर गिटकेची खिडकी उघडते आणि तेवढेच ठिपके समोर येतात. दर फेरीला संशयितांची रांग निम्मी होत जाताना पाहायला मजा येते.

लिनक्समध्ये आता दहा लाखांहून जास्त नोंदी आहेत. दहा लाखांमधला एक दोषी ठिपका शोधायला किती फेऱ्या लागतील? साधारण वीस! पटत नसेल, तर दोनाला दोनानं वीस वेळा गुणून नव्हे, पण एकापासून सुरू करून वीस वेळा दुप्पट करून पाहा.

शेवटी हात लावला, तोच दोषी?

इथं एक धोका आहे, आणि तो वर्गातही असतो. खडू मोडलेला सापडला, की शेवटी फळ्याजवळ कोण होतं, असं आपण लगेच विचारतो. फायलीतली प्रत्येक ओळ शेवटी कुणी बदलली, हे दाखवणारी आज्ञा गिटमध्ये आहे. तिचं नावच 'ब्लेम', म्हणजे दोष देणं! पण जाणती मंडळी त्या नावाला भुलत नाहीत. शेवटी हात लावणाऱ्यानं कदाचित फक्त एक मोकळी जागा नीट केली असेल. ओळीतली खरी चूक त्याच्या दहा नोंदी आधीपासून असेल. म्हणून गिटकेमध्ये एकाच ठिपक्यावर थांबायचं नाही. तिथून आईकडे जायचं, तिच्या आईकडे जायचं, आणि ती ओळ पहिल्यांदा कुठं जन्मली ते शोधायचं. संपूर्ण इतिहास पाहिल्याशिवाय कुणावर बोट रोखणं अन्यायाचं होईल.

आणि तिथं पोचल्यावर सगळ्यांत मोलाचं काय ठरतं? नोंदीतलं 'का'! काय बदललं हे संगणक स्वतःच सांगतो. कुणी आणि कधी हेही तोच लिहितो. पण का, हे फक्त तुम्ही लिहू शकता. सहलीच्या हिशेबात बदल करून कुणी नुसतं 'दुरुस्ती' असं लिहिलं, तर महिन्याभरानं त्याचा काही उपयोग नाही. त्याऐवजी 'पाच मुलं नंतर वाढली म्हणून खर्च ४० ऐवजी ४५ जणांत वाटला' असं लिहिलं, तर पुढच्या वर्षीचा वर्गही तुम्हांला दुवा देईल. चूक निघालीच, तरी तुम्ही कोणत्या विचारानं केलं ते समोर असेल. नुसत्या चुकीवरून कुणी तुमची पारख करणार नाही.

करून पाहा

गिट फुकट मिळतं. विंडोजसाठीच्या गिटबरोबर गिटकेही येतं. लिनक्सवर ते बहुधा वेगळं मागवून घ्यावं लागतं. बसवताना घरातल्या मोठ्यांना बरोबर घ्या.

१. एक नवी घडी, म्हणजे फोल्डर, तयार करा. त्यात साध्या मजकुराची एक फाइल ठेवा. तिच्यात आजीची एखादी पाककृती लिहा. (सजावटीच्या कागदपत्रांच्या फायलींमधला फरक गिटला ओळीओळीनं दाखवता येत नाही. म्हणून साधा मजकूरच हवा.)

२. त्या फोल्डरमध्ये आज्ञांची खिडकी उघडून आधी 'गिट इनिट' ही आज्ञा द्या. नोंदवही सुरू झाली. मग 'गिट अॅड' लिहून पुढे फाइलचं नाव, आणि मग 'गिट कमिट'. आज्ञा इंग्रजी लिपीत लिहायच्या, पण 'का' मात्र खुशाल मराठीत लिहा.

३. आता पाककृती बदला. मीठ कमी करा, कोथिंबीर घाला. दर बदलानंतर 'अॅड' आणि 'कमिट' करा. पाच-सहा नोंदी झाल्या, की 'गिटके' अशी आज्ञा द्या. ठिपके मोजा, एकेकावर टिचकी मारा.

टिचकी मारून पाहण्यानं काही बिघडत नाही. माउसचं उजवं बटण दाबल्यावर येणाऱ्या यादीत मात्र बदल करणाऱ्या आज्ञाही आहेत. त्यांच्या वाटेला सुरुवातीला जाऊ नका.

पालकांसाठी दोन शब्द. गिट पहिल्याच नोंदीला नाव आणि ईमेलचा पत्ता मागतं, आणि ते प्रत्येक नोंदीत राहतात. घरच्या संगणकावर हरकत नाही, पण हे काम पुढे इंटरनेटवर ठेवायचं झालं तर मुलाचं खरं नाव आणि पत्ता द्यायचा का, हे आधी ठरवा. आणि पासवर्ड तर कुठल्याच फाइलमध्ये लिहू देऊ नका. दुसऱ्या दिवशी पुसला, तरी आदल्या दिवशीच्या ठिपक्यात तो तसाच बसलेला असतो!

संगणक हाताशी नसेल, तरी अडत नाही. एक मोठा कागद घ्या. पुढच्या प्रकल्पाला बसाल तेव्हा रोज एक ठिपका काढा, त्याच्या शेजारी 'कुणी' आणि 'का' लिहा, आणि आदल्या ठिपक्याला रेघेनं जोडा. दोन मैत्रिणी वेगवेगळं काम करत असतील, तर रेघेला फाटा फोडा. पंधरा दिवसांनी तो कागद भिंतीवर लावा, आणि कोणत्या ठिपक्यावर संगम झाला ते बाईंना दाखवा.